उत्तरेकडची खोली

प्रणालीनं ते पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा ललिताबाई उत्तरपत्रिका तपासत होत्या, आणि पुस्तकाकडे त्यांनी आधी नुसतं तिरप्या नजरेनं पाहिलं. ऐंशीएक पानांचं, पातळ कव्हराचं, अकोल्याच्या कुठल्याशा प्रेसमध्ये छापलेलं. प्रणाली त्यांच्या इतिहास विभागात नुकतीच लागली होती आणि रोज तिवशाहून एस.टी.नं अमरावतीला येऊन-जाऊन करत होती. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या बाळापूरच्या जुन्या शाळेवर आहे, काल बसमध्ये वाचायला घेतलं तर पंचवटी चौकात उतरायचं भान राहिलं नाही, डेपोपर्यंत गेले. ललिताबाई हसल्या. त्या विभागप्रमुख होत्या, निवृत्तीला पाच वर्षं होती, आणि गावोगावच्या हौशी लोकांनी लिहिलेली असली पुस्तकं त्यांच्याकडे वर्षाला दहा तरी येत. ‘एका शाळेची हकीकत’ असं नाव होतं. खाली लेखिकेचं नाव होतं, इफ्फत. ते वाचूनही त्यांना काही झालं नाही. बाळापुरात इफ्फत नावाच्या बऱ्याच असतील. मग त्यांनी पहिलं पान उलटलं. ‘माझे सर, खुशालराव मास्तर, यांना, ज्यांनी आपल्या सात वह्या स्वतःच्या हातानं माझ्या ओटीत घातल्या.’ ललिताबाईंनी ते वाक्य वाचलं आणि हातातली उत्तरपत्रिका नीट घडी करून गठ्ठ्याखाली सरकवली. अगदी सावकाश. खुशालराव मास्तर त्यांचे वडील होते.

ओटीत. तो शब्द दिवसभर त्यांच्या अंगाला कुसळासारखा टोचत राहिला. माहेराहून निघताना लेकीची भरतात ती ओटी. वडील, तिचे बाबाजी, गेले नव्व्याण्णव साली, आणि तेराव्यानंतर ललितानं बाळापूरच्या घरातल्या साऱ्या पेट्या एकटीनं उपसल्या होत्या. निळ्या पुठ्ठ्याच्या सात वह्या. तिनं त्या लहानपणापासून बाबाजींच्या टेबलावर पाहिलेल्या. शाळेची इमारत कोणी बांधली, कधी बांधली, कोणत्या खोलीत काय झालं, हे सगळं त्यांत होतं. पेट्यांत जुनी पंचांगं निघाली, चष्मे निघाले, आईच्या लग्नातला शालू निघाला. वह्या नाहीत. आई, सुभद्राबाई, तेव्हा जिवंत होती. भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती म्हणाली की वाळवीनं खाल्ल्या असतील. ललिता त्यावर रडली होती. बाबाजींसाठी जितकी रडली नाही तितकी. गेली आठ वर्षं ती त्या वह्यांचं सुतक धरून होती, वर्गात पोरांना सांगायची, कागद जपा रे, माझ्या वडिलांचं आयुष्यभराचं काम वाळवीनं खाल्लं. आणि त्या आठही वर्षं त्या वह्या त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, तिच्या बालमैत्रिणीच्या, इफ्फतच्या घरी शाबूत होत्या. आईला हे ठाऊक होतं का? असणारच. म्हणजे वाळवी हा आईनं लेकीवर केलेला उपकार होता.

घरी गेल्यावर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार कोणाला? नवरा, श्यामराव, शेतकी खात्यात होता, आणि त्या वर्षी त्याचं खातं गावोगाव फिरत होतं. कापसाच्या त्या सालात जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे जीव दिलेल्या शेतकऱ्याची तिरडी बांधली जायची, आणि हा साहेबांच्या जीपमध्ये बसून त्या घरी जायचा, ओट्यावर बसायचा, कागदावर लिहायचा. रात्री पायातले बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचा. जेवताना बोलायचा नाही. एकदा फक्त म्हणाला होता की आज त्या घरातल्या बाईनं मला चहा केला, मी घेतला, घ्यायला नको होता. अशा माणसापुढे काय सांगायचं, की माझ्या बापानं वह्या मैत्रिणीला दिल्या? अख्खा मुलूख जळत असताना असलं बारीक दुखणं कुरवाळायची लाज वाटावी. लाज वाटलीही. पण दुखणं कमी झालं नाही. उलट लाजेखाली दबून ते जास्तच ठणकायला लागलं.

पुस्तक तिनं पलंगावर पालथं पडून, पेन्सिल घेऊन वाचलं. चुका काढायला. पहिल्या दहा पानांत एकही सापडली नाही. मेळघाटातलं सागवान परतवाड्याला उतरलं आणि तिथून बैलगाड्यांनी बाळापूरला यायला सतरा दिवस लागले; गाडीवानांची नावं होती, दोन बैल वाटेत दगावले त्याची नोंद होती. अब्दुल गफ्फार मिस्त्रीनं चुन्यात बेलफळ घालून गिलावा केला आणि ओल्या गिलाव्याला कान लावून तो ‘पिकला’ की नाही ते ऐकायचा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत शाळेच्या मधल्या दालनात खाटा टाकल्या होत्या, आणि पुढे कित्येक वर्षं पोरं त्या दालनातून पळत जायची, चालत जायची नाहीत. मन नदीचा पूर खिडकीपर्यंत चढला त्या वर्षी मास्तरांनी हजेरीपट डोक्यावर धरून बाहेर काढले. बहात्तरच्या दुष्काळात व्हरांड्यात सुकडी शिजायची. हे सगळं ललिताला माहीत होतं. तुकड्यातुकड्यांनी, जेवताजेवता, कधी अर्धवट झोपेत ऐकलेलं. पण तिच्यापाशी ते नुसतं पडून होतं, आणि इथं ते उभं होतं, भिंतींसारखं, एकावर एक चढत गेलेलं. इफ्फतची मराठी साधी होती, कुठेही नटत नव्हती. ललितानं स्वतः वऱ्हाडच्या महसुलावर साडेचारशे पानांचा प्रबंध लिहिला होता आणि तो वाचताना कोणीही बस डेपोपर्यंत गेलं नव्हतं. मग तिनं स्वतःचं नाव शोधलं. चौसष्टाव्या पानावर, यादीत, एका ओळीत सापडलं: ‘सरांची मुलगी ललिता त्या वर्षी शाळेतून मॅट्रिकला पहिली आली.’ तिनं पुस्तक मिटलं. पेन्सिलीचं टोक मोडलेलं तिला नंतर दिसलं.

पहिली ती नेहमीच यायची. इफ्फत दुसरी, कधी तिसरी. इफ्फतचं घर सतरंज्या विणणाऱ्यांचं. शाळेत पोरं ज्या पट्ट्यांवर बसायची त्या तिच्या आजोबांच्या मागावरच्या. तिचे केस रंगाच्या वासाचे असत. आठवीत असताना बाबाजींनी शाळा मोजायला काढली. रविवारी लांब फीत घेऊन जायचे, आणि फितीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागायचं. ललिताच गेली असती, पण आईला तेव्हा दम्याचा त्रास सुरू झाला होता आणि रविवारी चूल ललिताकडे असायची. म्हणून इफ्फत जायची. दुपारी दोघं परत यायची, हातापायाला चुना लागलेला, आणि बाबाजी ओसरीवरूनच हाक मारायचे, दोन ताटं वाढ गं. ती वाढायची. इफ्फत भाकरी मोडता मोडता सांगायची, ललू, मधल्या दालनाची एक भिंत वाकडी हाय, आपल्याले आजवर समजलंच नाई. आणि बाबाजी हसायचे. त्यांचं ते हसू ललितानं कधी स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिलं नव्हतं. प्रगतिपुस्तकावर ते फक्त सही करायचे, इतर पोरांच्या पुस्तकांवर करत तशी, पूर्ण नावाची. पोर आपली आहे म्हणून मान द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा. गाव त्यासाठी त्यांना मानायचं. ललिताही मानायची. पण इफ्फत आपली नव्हती ना, म्हणून तिला शाब्बास म्हणता यायचं. आपलं असण्याची ही कसली शिक्षा, असं बारा-तेरा वर्षांच्या ललिताला चुलीपुढे वाटलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी, अमरावतीत, पंख्याखाली पडल्या पडल्या तिला तेच, तसंच्या तसं वाटलं, धुरासकट.

आणि मग, पहाटे केव्हातरी, दुसरं एक आठवलं, जे ती आठवू देत नव्हती. सत्त्याण्णवची दिवाळी. बाबाजी अमरावतीला आले होते, खांद्याला कापडी पिशवी. ललिताला नागपूरच्या परिषदेत निबंध वाचायचा होता, टेबलभर कागद पसरले होते. ते खुर्ची ओढून बसले, पिशवी मांडीवर धरून. मग म्हणाले की शाळेचं सगळं लिहून झालं आहे, आता कोणीतरी नीट मांडायला पाहिजे. तिनं मान वर न करता विचारलं की यात कागदपत्रं किती आणि ऐकीव किती. ते म्हणाले, बरंचसं ऐकीव. तेव्हा ती म्हणाली, बाबाजी, ह्याला पुरावा लागतो, गावगप्पांचा इतिहास होत नाही. तिनं हे वाईट मनानं म्हटलं नव्हतं. वर्गात ती हेच वाक्य दरवर्षी म्हणायची. बाबाजींनी मान डोलावली, खरं आहे म्हणाले. दोन दिवस राहिले, फराळ केला, पिशवी घेऊन परत गेले. पिशवीत काय होतं ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे वह्या आधी तिच्याकडे आल्या होत्या. हे आठवल्यावर खरं तर मत्सर विझायला हवा होता. तो विझला नाही. आपण टाकलेलं दुसऱ्यानं उचललं की ते आपलं जास्तच होतं.

महिन्याभरानं एका रविवारी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली आणि अकोल्याहून बाळापूरच्या. श्यामरावाला सांगितलं की कॉलेजचं काम आहे. शेतांतून कापसाच्या पऱ्हाटीचे वाळके ढीग पडले होते. शेजारच्या बाईनं मांडीवर पोर झोपवलं होतं आणि ती खिडकीबाहेर पाहत होती. ललिता मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. ती बोलणार होती अगदी थंडपणे, विभागप्रमुखासारखी. वारसाहक्काचा एक मुद्दा होता. मूळ हस्तलिखित कुटुंबाकडे असावं हा दुसरा. मला प्रत का पाठवली नाही हा तिसरा, आणि तो काढायचा नाही असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

इफ्फत शाळेतच सापडली. ती आता तिथंच राहत होती. लग्न होऊन ती परतवाड्याला गेली होती आणि दोन वर्षांत परत आली होती, का ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मग याच शाळेत मास्तरीण म्हणून तीस वर्षं. शाळा नव्या इमारतीत गेल्यावर जुनी पाडायची ठरली होती. इफ्फतनं ती मागून घेतली आणि आसपासच्या खेड्यांतल्या, त्या दोन-तीन वर्षांत बाप गमावलेल्या पोरींना तिथं राहायला जागा केली. मधल्या दालनात पंचवीसेक पोरी ओळीनं बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. इफ्फतचे केस पूर्ण पांढरे झाले होते, डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरली होती. ललिताला दारात पाहून ती उठली, जवळ आली, आणि तिचा हात हातात धरून उभी राहिली. ललिताचे सगळे मुद्दे तिथंच सांडले आणि नेमका नको तोच तोंडातून आला, तोही शहरातल्या मराठीत नव्हे.

“मले काहून नाई पाठवलं पुस्तक?”

“भेव वाटलं,” इफ्फत म्हणाली. “तू एवढी मोठी बाई इतिहासाची. ये, बस. चाय मांडते.”

चहा पिता पिता ती सांगत होती आणि ललिता ऐकत होती. त्या दिवाळीनंतर सर अमरावतीहून परत आले ते थेट इफ्फतच्या घरी. म्हणाले, ललिता म्हणते याला पुरावा पाहिजे, आणि ती बरोबर म्हणते. मग ते दोघं दर शनिवारी अकोल्याला जायला लागले, जुन्या दफ्तरखान्यात. सर पंचाहत्तरीचे, जिना चढताना इफ्फतच्या खांद्यावर हात ठेवायचे. वहीतली एकेक ओळ घेऊन तिचा कागद शोधायचा. सापडला तर ठेवायची, नाही सापडला तर लाल रेघ. गाडीवानांची नावं तीन महिन्यांनी सापडली, त्या दिवशी सरांनी बसस्टँडवर तिला जिलबी खाऊ घातली. दोन वर्षं असं चाललं, ते अंथरुणाला खिळेपर्यंत. “तुह्या एका बोलण्यानं हे पुस्तक झालं,” इफ्फत म्हणाली. “सर दर वेळी म्हणत, ललिताले दाखवायचं हाय, कच्चं नाई चालनार.” ती हे प्रेमानं सांगत होती. ललिताला मात्र दिसत होते ते शनिवार. शंभर तरी असतील. तो जिना, खांद्यावरचा हात, कागदातली जिलबी. बाबाजींची शेवटची दोन वर्षं ललितानं स्वतःच्या तोंडानं, एका वाक्यात, या बाईला देऊन टाकली होती. आणि ही बाई आभार मानत होती.

मग इफ्फतनं आतून सातवी वही आणली. निळा पुठ्ठा. बाबाजींचं अक्षर उघडून समोर आलं तेव्हा ललितानं हात मांडीखाली घेतले. इफ्फत म्हणाली की दुसरी आवृत्ती काढायची आहे आणि एक गोष्ट अडली आहे. सरांनी प्रत्येक खोलीवर लिहिलं. ही एकच राहिली. तिनं पान दाखवलं. वर ठळक अक्षरात ‘उत्तरेकडची खोली’, खाली काही नाही. पुढची चार पानं कोरी, आणि पाचव्या पानावर पुन्हा विहिरीचं वर्णन सुरू. दोघी वही घेऊन त्या खोलीत गेल्या. लहान खोली, एक खिडकी, भिंतीशी पोरींच्या पत्र्याच्या पेट्या. तिथं कधी नकाशे ठेवलेले असायचे, कधी कुलूप असायचं. ललिता त्या खोलीत पूर्वी कधी आली होती का, तेही तिला आठवेना.

“म्या लय विचारलं सरांले,” इफ्फत म्हणाली. “हसायचे नुसते. तुले काई मालूम हाय काय? तू घरातली.”

घरातली. तो शब्द ऐकला आणि ललिताच्या आत जे काही महिनाभर दबा धरून बसलं होतं ते उठून उभं राहिलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “ते पानं त्यायनं माह्यासाठी सोडले होते. इथंच त्यायनं मले पहिल्यांदा अक्षर गिरवायले शिकवलं. शाळेत घालायच्या आंधी. म्हणे, या खोलीचं तू लिवशील.”

आवाज जराही हलला नाही. ती बोलत असताना तिला ते दिसतही होतं. पाटी, खिडकीतलं ऊन, बाबाजींची मांडी. इतकं स्पष्ट की क्षणभर तिनंच विश्वास ठेवला. मग तिनं वळून इफ्फतकडे पाहिलं. इफ्फत पेटीच्या झाकणावर बोट फिरवत होती. तिचा चेहरा पडला नव्हता, तो आवळला गेला होता. ओठांच्या कोपऱ्यापाशी, डोळ्यांखाली. ललितानं हा चेहरा ओळखला. गेला महिनाभर ती तो आरशात पाहत होती.

“एवढे दिवस बसली मी त्यांच्याजवळ,” इफ्फत म्हणाली. “मले नाई सांगितलं.” मग तिनं वही मिटून ललिताच्या हातात दिली. “याले कागद नाई मागत मी. तू लेक हायस. लिहून पाठव.”

ललिता वही घेऊन अमरावतीला परत आली. बसमध्ये तिला जिंकल्यासारखं वाटलं, अकोल्यापर्यंत. पुढे मूर्तिजापूर येईतो ते ओसरलं आणि उरला तो इफ्फतचा आवळलेला चेहरा. घरी तिनं रोज लिहायला घेतलं. पाटी लिहिली, ऊन लिहिलं, मांडी लिहिली. वाक्यं सुंदर व्हायची, तिच्या प्रबंधात एकही तसं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्य लिहून झालं की ती ते सुटं पान फाडायची. वहीला तिनं पेन लावलं नाही. श्यामराव एकदा खोलीत डोकावला आणि विचारलं की काय चाललंय. ती म्हणाली, वडिलांबद्दल लिहायचंय आणि काही आठवत नाही. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला की मी रोज ज्या घरी जातो तिथल्या पोरी हेच म्हणतात. शेवटचं काय बोलले विचारलं की गप्प बसतात, आणि मग काहीतरी चांगलंसं बनवून सांगतात. मी ते लिहून घेतो, तो म्हणाला. आणि आत निघून गेला. त्या पोरींना दुसरं काहीच उरलं नव्हतं. तिला होतं, पहिली येणं होतं, पूर्ण नावाची सही होती, मान खाली घालून नाकारलेली पिशवी होती. तेच तिचं होतं.

पंधरा दिवसांनी इफ्फतचा फोन आला. प्रेसवाला घाई करून राहिला, तुझं पान आलं की छापायले देते, असं ती म्हणाली. मागं पोरींचा गलका ऐकू येत होता. ललितानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“इफ्फत, बाबाजी असं काई बोलले नव्हते. म्या खोटं सांगितलं तुले.”

मग इफ्फतनं विचारलं, हळूच, “मंग ते पानं कोनासाठी सोडले सरायनं?”

“मले नाई मालूम.”

“माह्यासाठी?”

“नाई मालूम, इफ्फत.”

इफ्फतनं श्वास सोडला. लांब, सावकाश, पंधरा दिवस कोंडलेला. त्यात राग अजिबात नव्हता. तो सुटकेचा होता; मला नाही तर नाही, पण तुलाही नाही, एवढीच त्या श्वासाची सुटका होती, आणि ललिताला ती अक्षरन् अक्षर कळली. उभ्या जन्मात दुसऱ्या कोणाचं मन तिला इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. तिला हसू आलं. फोनवर पलीकडेही कोणीतरी नाकातून हसल्यासारखं झालं.

“कोरेच छापू मंग,” इफ्फत म्हणाली. “वरतं फक्त खोलीचं नाव. खाली लिहिते, लय शोधलं, सापडलं नाई.”

“तसंच लिही.”

“सही कोनाची टाकू?”

“दोघींची टाक.”

गलका थांबला होता. कोणीतरी पोरींना जेवायला बसवलं असावं, ताटांचा आवाज येत होता. इफ्फत लिहून घेत होती, कागदाची खसखस ऐकू आली. मग ती थांबली.

“पहिलं नाव कोनाचं?”

ललिताच्या जिभेवर आधी स्वतःचंच नाव आलं, आणि तिनं ते तिथंच धरून ठेवलं.